समुद्रापासून दूरची कोळंबी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेला मंगळूर आणि पूर्वेला चेन्नई, दोन्ही किनारे तेथून सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहेत. ज्याला मासळीवाचून जेवण गोड लागत नाही त्याने अशा गावी बदली घेऊ नये, असे एखादा मालवणी गृहस्थ सहज म्हणून जाईल. परंतु नोकरी माणसाला विचारून गाव ठरवीत नाही. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांचा मुक्काम तेथे पडला, तेव्हापासून या गावी मराठी बोलणारी घरे आहेत. अलीकडच्या तीन-चार दशकांत मुंबई, पुणे, कोकण आणि गोवा येथून आलेल्या कुटुंबांची त्यांत मोठी भर पडली. या घरांतून कोळंबीचे कालवण तर होतेच. पण आता मुलांच्या आग्रहावरून लसूण आणि टोमॅटोच्या रसातली इटालियन धर्तीची कोळंबीही शिजू लागली आहे.

या पदार्थाची सामग्री पाहिली तर तो अवघड वाटत नाही. कोळंबी, लसूण, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ, थोडी मिरची आणि एखादी सुवासिक पाने, एवढ्यावर तो होतो. तरीही अनेक घरांत तो पहिल्या खेपेस फसतो. लसूण कडू होते, रस कच्चा आणि आंबट राहतो आणि कोळंबी रबरासारखी चिवट लागते. याचे कारण हाताच्या कौशल्यात नसून सवयीत आहे. मराठी स्वयंपाकगृहात कोळंबीला प्रथम हळद-मीठ लागते, मग आले-लसणाचे वाटण येते, मग ओले खोबरे आणि शेवटी आमसूल किंवा चिंच. या सर्वांचा मिळून एक भरदार संसार होतो आणि त्यात एखाद्याचे काही उणे असले तर इतर ते झाकून घेतात. इटालियन रीतीत असे झाकणारे कोणी नाही. तेथे पाच-सहा जिनसा उघड्यावर उभ्या असतात आणि प्रत्येकीचा दोष जिभेला ताबडतोब कळतो. म्हणून समुद्रापासून दूर असलेल्या शहरात या पाककृतीचा आरंभ चुलीपाशी होत नाही. तो बर्फापाशी होतो.

कोळंबी हा फार लवकर बिघडणारा प्राणी आहे. तिच्या डोक्यात पाचक ग्रंथी असते आणि प्राण गेल्यावर त्या ग्रंथीतील विकरे तिच्याच मांसाला विरघळवू लागतात. डोक्याजवळचा भाग मऊ आणि पिठूळ लागतो तो यामुळे. कवचाखाली काळे डाग पडतात ते दुसऱ्या एका विकराचे काम. सफरचंदाची कापलेली फोड काळी पडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. बर्फ या दोन्ही क्रियांना मंद करतो, थांबवीत मात्र नाही. तेव्हा शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात किंवा घराजवळच्या दुकानात कोळंबी निवडताना तिचे डोके धडाला घट्ट धरून आहे की नाही, कवच चकचकीत आहे की निस्तेज, आणि वास समुद्राचा येतो की अमोनियाचा, एवढ्या तीन गोष्टी पाहाव्यात. तिसऱ्या गोष्टीत शंका आली तर पहिल्या दोन पाहण्याची गरजच उरत नाही.

बंगळूरला एक सोय आहे, ती मुंबईला नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. दोन्ही किनाऱ्यांची मासळी या शहरात येत असल्यामुळे एक दार बंद झाले तरी दुसरे बहुधा उघडे असते. दोन्ही दारे एकदम लागतात ती केवळ जूनचे पहिले चौदा दिवस. त्या पंधरवड्यात ‘आजच समुद्रातून आली’ असे सांगून कोणी मोठी कोळंबी पुढे केली, तर हसून पुढे जावे हे उत्तम.

तळ्यातल्या कोळंबीला मात्र हे वेळापत्रक लागू नाही. २००९ मध्ये भारतात व्हॅनामेई नावाच्या कोळंबीच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवरील तळ्यांतून तिचे अमाप पीक निघू लागले. शहरांतील दुकानांत गोठवलेल्या पाकिटांतून मिळते ती बहुतांशी हीच. गोठवलेल्या मासळीविषयी किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनात एक अढी असते आणि ती किनाऱ्यावर राहून बाळगली तर योग्यही आहे. पण पकडल्यानंतर काही तासांतच चांगली गोठवलेली कोळंबी ही दोन दिवस अर्धवट वितळलेल्या बर्फावर लोळलेल्या ‘ताज्या’ कोळंबीहून सरस असते, हे साडेतीनशे किलोमीटरांवर बसलेल्याने मान्य करायला हवे. तिला रात्रभर शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावे. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून थंड पाण्यात बुडवावी. गरम पाणी वापरू नये आणि एकदा वितळलेली कोळंबी पुन्हा गोठवू नये. पाकिटावर निव्वळ वजन किती लिहिले आहे तेही पाहावे, कारण प्रत्येक नगावर बर्फाचे पातळ कवच चढवलेले असते आणि ते कोळंबीच्या भावाने विकत घेण्यात काही शहाणपण नाही. काही कोळंबीवर फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते. ती पाणी धरून ठेवते आणि तव्यावर पडताच सोडून देते. मग परतायला घेतलेली कोळंबी आपल्याच पाण्यात उकडू लागते.

टोमॅटोच्या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. शेजारचा कोलार जिल्हा टोमॅटोचे आगर असून तेथील बाजार समिती या पिकाच्या देशातील अगदी मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. शहराच्या सीमेवर हेसरघट्टा येथे भारतीय उद्यानसंशोधन संस्था आहे आणि तेथे निघालेले ‘अर्का’ नावाचे टोमॅटोचे वाण देशभर लावले जातात. बंगळूरच्या भाजीवाल्याकडे टोमॅटोचे दोन ढीग असतात. एक लांबट, कडक सालीचा, गराने भरलेला संकरित टोमॅटो, आणि दुसरा गोल, रसाळ, आंबट असा, ज्याला तेथे ‘नाटी’ म्हणजे गावठी म्हणतात. सारासाठी गावठी उत्तम. या पदार्थाला दोन्ही लागतात, दोन भाग लांबट आणि एक भाग गावठी. पहिल्याने रसाला अंग येते, दुसऱ्याने चव. नुसता संकरित घेतला तर रस दिसायला सुरेख आणि खायला मुका होतो.

इटालियन म्हणून आपण ज्या रसाचे कौतुक करतो त्यातला टोमॅटो इटलीत तसा उशिरा आलेला पाहुणा आहे. तो मूळचा अमेरिका खंडातला. १५४४ मध्ये मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा उल्लेख केला, पण स्वयंपाकाच्या छापील पुस्तकात त्याचा रस यायला सतराव्या शतकाची अखेर उजाडली. नेपल्स येथील लातिनी या मुदपाकखान्याच्या अधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात तो दिला आणि त्याला नाव दिले ‘स्पॅनिश पद्धतीचा’! भारतात हे फळ आले तेव्हा बंगाल्यांनी त्याला विलायती वांगे म्हटले, आणि विदर्भातल्या खेड्यांत ते भेदरे झाले. मिरचीही अमेरिकेचीच. व्हॅनामेई कोळंबीदेखील मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. तेव्हा या ताटात इटलीचे काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर एकच: तिचा संयम.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक १९४१ पासून बंगळूरच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत होते आणि जालहळ्ळीच्या परिसरात त्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. परंतु इटालियन जेवण या शहराला त्यांनी शिकवले असे मानायचे कारण नाही. त्याची खरी चटक लागली ती गेल्या शतकाच्या अखेरीस संगणकव्यवसायाबरोबर उघडलेल्या उपाहारगृहांमुळे.

आता कृतीकडे वळावे. चार माणसांसाठी डोक्यासकट घेतली तर एक किलो आणि सोललेली घेतली तर अर्धा किलो कोळंबी पुरते. सोलल्यावर निम्म्याच्या आसपासच माल उरतो, हा हिशेब बाजारातच करावा. पाऊण किलो टोमॅटो, लसणीच्या दहा-बारा पाकळ्या, चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक-दोन सुक्या मिरच्या. ब्याडगी मिरची या कामाला फार चांगली, कारण ती रंग देते आणि तिखटपणाने इतरांचे तोंड बंद करीत नाही.

कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढावा, पण कवचे टाकून देऊ नयेत. कोळंबी निर्विवाद ताजी असेल तर डोकीही ठेवावीत. ही कवचे अर्ध्या तेलात चार-पाच मिनिटे परतली की तेल नारिंगी होते. कवचातला रंग तेलात विरघळतो आणि त्याच्याबरोबर वासही. त्यावर दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटे मंद उकळावे आणि गाळून घ्यावे. कोकणातली जुनी बाई कोळंबीची डोकी रश्शात का सोडते, याचे कोडे येथे सुटते. तिने तेच साधले, फक्त वेगळ्या वाटेने. सोललेली कोळंबी मात्र फडक्याने टिपून कोरडी करावी, मीठ लावावे आणि शिजवायची वेळ होईपर्यंत थंड जागी ठेवावी. हळद लावू नये. हळदीने उग्रपणा जातो ही समजूत खोटी नाही, पण ज्या कोळंबीचा उग्रपणा घालवावा लागतो ती या पदार्थासाठी घ्यावयाचीच नव्हती.

लसूण वाटू नये, ठेचू नये. पातळ चकत्या कराव्यात. लसणीचा झोंबणारा वास अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी चिरली की तिच्या पेशींतली दोन वेगवेगळी द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि तेव्हा तो जन्माला येतो. पेशी जितक्या अधिक फुटतील तितका तो तीव्र. वाटलेल्या लसणीचा वास म्हणूनच साऱ्या घरभर जातो आणि चकत्यांचा तेलातच राहतो. उरलेले तेल पसरट कढईत घ्यावे आणि ते थंड असतानाच त्यात चकत्या टाकून आच अगदी मंद ठेवावी. मराठी फोडणीच्या हाताला हे फार जड जाते. तेल कडकडीत तापल्याशिवाय त्यात काही टाकायचे नाही हा आपल्याकडचा पहिला धडा आहे आणि मोहरीसाठी तो बरोबरच आहे. परंतु तापलेल्या तेलात लसणीची चकती अर्ध्या मिनिटात तांबडी होते आणि तांबडी झालेली लसूण कडू लागते. तो कडवटपणा पुढे कितीही टोमॅटो घातला तरी निघत नाही. चकत्या फिकट सोनेरी झाल्या, कडा किंचित वळू लागल्या, की मिरचीचे तुकडे घालावेत आणि लगेच टोमॅटो. इटलीत या टप्प्यावर पांढरी द्राक्षमदिरा घालून आटवतात. ज्या घरात ती चालते त्यांना नंदीच्या डोंगराजवळच्या मळ्यांतलीही मिळते. ज्या घरात चालत नाही त्यांनी शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, पदार्थाचे फारसे बिघडत नाही.

टोमॅटो उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून साल काढून टाकावी आणि गर हाताने कुस्करावा. यंत्रात फिरवला तर त्यात हवा मिसळून रस गुलाबी होतो आणि बिया फुटून त्यांचा कडवटपणा उतरतो. बियांभोवतीचा बुळबुळीत भाग टाकून देण्याची काहींना सवय असते. ती येथे सोडावी, कारण टोमॅटोतले चव खुलवणारे द्रव्य त्या भागात सर्वांत अधिक असते. टोमॅटोत हे द्रव्य आणि कोळंबीत दुसरे तशाच गुणाचे द्रव्य असते. दोन्ही एकत्र आली की प्रत्येकाचा प्रभाव कितीतरी पटींनी वाढतो. या जोडीचे एवढे यश त्यामुळे आहे, आणि जगाच्या अनेक किनाऱ्यांवर ती आढळते तीही त्याचमुळे. व्हेनिसपासून इस्त्रियाच्या किनाऱ्यापर्यंत ‘बुसारा’ नावाचा जो पदार्थ होतो, त्यात हाच लसूण-टोमॅटोचा रस असतो आणि तो दाट करायला पावाचा चुरा घालतात.

मीठ घालून हा रस उघड्यावर पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावा आणि मधून मधून कवचांचे पाणी थोडे थोडे घालावे. केव्हा थांबायचे हे मराठी स्वयंपाक्याला शिकवावे लागत नाही: कडेने तेल सुटू लागले की झाले. साखर घालायचा मोह होतो. टोमॅटो बरे असतील तर तिची गरज नाही. मात्र चव याच वेळी पाहून पुरी करावी. कोळंबी पडल्यानंतर दुरुस्त्या करायला वेळ नसतो. सही झालेल्या कागदावर टिप्पणी लिहिण्यासारखे ते होते.

कोळंबी सर्वांत शेवटी घालावी, आणि बाकीचे सारे तयार असल्याशिवाय घालूच नये. पाने मांडलेली असावीत, पाणी भरलेले असावे, माणसे बसलेली असावीत. कोळंबीचे मांस अतिशय मऊ तंतूंचे असते आणि साठ अंशांच्या आसपासच त्याची घडण बदलून ते शिजते. त्यापुढे आच लागत राहिली की तंतू आकसतात, आतले पाणी पिळून निघते आणि उरतो तो चिवट गोळा. खोबऱ्याच्या दाट कालवणात दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी खपतात. येथे त्या दोन मिनिटांवर साऱ्या खर्चाचे मोल अवलंबून असते. मोठ्या कोळंबीला उकळत्या रसात तीन मिनिटे, मध्यम आकाराच्या कोळंबीला दोन. घड्याळापेक्षा डोळ्यांनी पाहावे. कच्च्या कोळंबीची राखट-निळसर छटा जाऊन ती तांबूस होते, कारण तिचा तांबडा रंग एका प्रथिनाशी बांधलेला असतो आणि उष्णतेने ते बंधन तुटते. आकार त्याहून अधिक बोलका. कोळंबी चतुर्थीच्या चंद्रासारखी वाकली की आच बंद करावी. तिचे डोके-शेपूट एकमेकांना भिडून पूर्ण वर्तुळ झाले असेल तर उशीर झाला. भांड्यातल्या उष्णतेने ती आणखी थोडी शिजणारच असते, तेव्हा मन घट्ट करून किंचित आधीच उतरवावे.

वरून घालायच्या पानांची एक गंमत आहे. ज्या बेसिलसाठी लोक महागड्या दुकानांत जातात ते झाड आपल्याला परके नाही. उन्हाळ्यात फालुद्यात घालतो तो सब्जा त्याच जातीच्या झाडाचे बी आहे. गॅलरीतल्या कुंडीत ते सहज येते आणि बंगळूरची सौम्य हवा त्याला मानवते. पाच-सहा पाने हाताने तोडून आच बंद केल्यावर टाकावीत. देवघरासमोरची तुळस त्याच कुळातली असली तरी तिची चव निराळी आणि लवंगेच्या अंगाने जाणारी; तिला तिच्या जागी राहू द्यावे. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगानोच्या पुड्या घरोघरी साठलेल्या असतात, त्या संपवण्याची ही जागा नव्हे. किसलेले चीजही घालू नये. इटलीत मासळीवर चीज घालणे सामान्यतः गैर मानतात. ते सोवळे बाजूला ठेवले तरी चीजच्या खारटपणाखाली कोळंबीची गोडी दबून जाते.

पास्त्याबरोबर खायचे असेल तर आणखी एक योगायोग कामी येतो. चांगला पास्ता ज्या कठीण दाण्याच्या गव्हाचा होतो तोच आपला बन्सी गहू, आणि बन्सी रवा तर कर्नाटकातल्या प्रत्येक वाणसामानाच्या दुकानात असतो. पास्ता उकडताना शहराची उंची आड येते: येथे पाणी शंभर अंशांना नव्हे, सत्त्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. पाकिटावर छापलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर अधिक लागले तर पाकीट खोटे ठरत नाही. पाणी भरपूर आणि खारट असावे आणि त्यातले वाटीभर राखून ठेवावे. त्यातल्या पिठाने रस पास्त्याला धरून राहतो. पास्त्याचा आग्रह नसेल तर पाव आहेच. मंगळूरकर शेजाऱ्यांकडून नीर डोसा शिकून घेतलेल्या घरांत हा रस त्याच्याशी खाल्ला जातो आणि नीर डोशाचा सौम्यपणा त्याला पास्त्याहूनही अधिक साजतो.

पाहुणे जेवायला असतील तर कोळंबी कोणाला सोसत नाही का, हे आधी विचारून घ्यावे. ज्या प्रथिनामुळे काहींना तिची बाधा होते ते शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्याचा अंश रसातही उतरतो. कोळंबी बाजूला काढून नुसता रस वाढणे ही सोय म्हणूनच निरुपयोगी आणि प्रसंगी धोक्याची आहे. अशा माणसासाठी लसूण-टोमॅटोचा रस कवचांचे पाणी घालण्यापूर्वीच वेगळ्या भांड्यात काढावा. कढई आणि तेल अर्थातच कवचे परतलेले नसावे. उरलासुरला साधा रस दोन-तीन दिवस शीतकपाटात चांगला राहतो. कोळंबी घातलेला मात्र दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा शिजतो, म्हणून आज जेवढी माणसे असतील तेवढ्याच बेताने कोळंबी रसात सोडावी आणि बाकीची बर्फावर राहू द्यावी.